कामावर निघालेली सायकल

पहाटे साडेपाचचा सुमार. शहर अजून पुरते जागे झालेले नसते. दुधाच्या गाड्या आणि रात्रभर धावून आलेली एखादी एस.टी. सोडली, तर मोठ्या रस्त्यावर वर्दळ नसते. अशा वेळी रस्त्याच्या अगदी कडेने, डांबर संपून माती जिथे सुरू होते तिथून, एकेक सायकल जाताना दिसते. हँडलला जेवणाच्या डब्याची पिशवी अडकवलेली असते. कॅरिअरला कुणाची थापी आणि ओळंबा, कुणाच्या भाजीच्या जुड्या, तर कुणाचे वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधलेले असतात. रात्रपाळी संपवून घरी परतणारा पहारेकरी आणि इमारतीच्या कामावर निघालेला गवंडी याच वेळी एकमेकांना ओलांडून जातात. आठच्या पुढे मोटारींचा लोंढा सुरू होतो, तेव्हा ही माणसे आपापल्या कामाला लागलेली असतात. शहराचे आराखडे तयार करणाऱ्यांच्या दृष्टीस ती सहसा पडत नाहीत, याचे एक कारण हेही असावे.

परंतु ती संख्येने थोडी नाहीत. लोक कामावर कसे जातात, ही माहिती २०११ च्या जनगणनेत गोळा करण्यात आली. शेती व घरगुती उद्योग वगळता इतर कामे करणाऱ्या सुमारे २० कोटी लोकांविषयीची ही माहिती आहे. त्यांपैकी २ कोटी ६० लाखांहून अधिक लोक सायकलने कामावर जात होते. मोटारसायकल, स्कूटर व मोपेड या सर्वांवरून मिळून जाणाऱ्यांपेक्षा हा आकडा किंचित मोठाच होता, आणि मोटारीने जाणाऱ्यांच्या तर तो कितीतरी पट होता. त्यानंतरची जनगणना २०२१ मध्ये ठरल्याप्रमाणे झाली नाही. मधल्या काळात दुचाकी गाड्या फार वाढल्या, त्यामुळे हे प्रमाण बदललेले असणार. तरीही कोट्यवधी लोकांची पोटापाण्याची वाट आजही सायकलवरूनच जाते, यात संशय नाही.

असे असूनही सायकलचा विषय निघाला, की बोलणे वेगळ्याच दिशेने वळते. प्रदूषण, आरोग्य, इंधनाची बचत यांवर भाषणे होतात. रविवारी सकाळी एखादा रस्ता दोन तास बंद ठेवून फेरी काढली जाते आणि तिच्यात शिरस्त्राण घातलेले मान्यवर सहभागी होतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१८ मध्ये ३ जून हा जागतिक सायकल दिन म्हणून जाहीर केला, तेव्हापासून या समारंभांना एक तारीखही मिळाली आहे. यात वावगे काही नाही. मात्र हा सारा उपदेश सायकल न चालवणाऱ्यांसाठी असतो. जो रोज सोळा किलोमीटर सायकल मारतो, त्याला सायकलचे महत्त्व पटवून देण्याची गरज नसते. त्याला सुरक्षित रस्ता हवा असतो, आणि त्याविषयी त्या समारंभात कुणी बोलत नाही.

सायकल ही काही प्रथमपासून गरिबाचे वाहन नव्हती. सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी असलेली आजच्या धर्तीची सायकल इंग्लंडमध्ये १८८५ च्या सुमारास बाजारात आली. हवा भरलेले टायर तिला १८८८ नंतर मिळाले. त्याच १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव किर्लोस्कर तेव्हा मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असत. पुढे लोखंडी नांगर आणि पंप यांसाठी नावारूपास आलेल्या या उद्योगाचा आरंभ सायकलविक्रीपासून झाला. त्या काळी सायकल विलायतेहून येई आणि ती घेणे साहेबालाच किंवा बड्या वकिलालाच परवडे. दारात सायकल असणे हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई.

ती सामान्य माणसाच्या हाती आली ती मुख्यतः स्वातंत्र्यानंतर. १९४९ मध्ये मद्रासजवळ अंबत्तूर येथे, १९५१ मध्ये सोनीपत येथे आणि १९५६ मध्ये लुधियाना येथे सायकलींचे मोठे कारखाने निघाले. लुधियान्याच्या हीरो सायकल्सची नोंद तर १९८६ मध्ये जगातील सर्वांत मोठी सायकल उत्पादक कंपनी म्हणून झाली. आयात केलेल्या वस्तूचे रूपांतर देशी वस्तूत झाले, किंमत आवाक्यात आली, आणि शिक्षक, पोस्टमन, गिरणीकामगार, कारकून असा सारा नोकरदार वर्ग सायकलवर बसला.

पुणे हे या काळाचे ठळक उदाहरण. ‘सायकलींचे शहर’ ही त्याची ओळख केवळ विद्यार्थ्यांमुळे झालेली नव्हती. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभा राहिला, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत पिंपरी-चिंचवड, आकुर्डी, भोसरी हा सारा पट्टा कारखान्यांनी भरून गेला. पाळी सुटल्याचा भोंगा झाला, की फाटकातून सायकलींचा असा लोट बाहेर पडे, की बसगाड्यांना थांबून राहावे लागे. कारखान्यांच्या आवारात पत्र्याच्या छपराखाली सायकलींसाठी लांबच लांब स्टँड असत. स्कूटरसाठी तेव्हा नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि ज्या कारखान्यात ती स्कूटर तयार होई तिथला कामगारही अनेकदा सायकलवरूनच कामावर येई.

त्या काळी सायकलस्वाराला कायद्याची ओळखही चांगली होती. अनेक नगरपालिका सायकलींवर कर घेत आणि तो भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा किंवा पितळेचा बिल्ला सायकलला लावावा लागे. रात्री दिवा नसेल किंवा डबलसीट जाताना पकडले गेले, तर पोलीस दंड करीत, नाहीतर चाकांतील हवा सोडून देत. तो जाच होता हे खरे. परंतु त्या जाचात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. सायकल हे रस्त्यावरचे वाहन आहे, तिला नियम आहेत आणि म्हणून तिला जागाही आहे, हे कुणी नाकारत नव्हते. आज बिल्ला गेला, कर गेला, आणि त्यांच्याबरोबर जागाही गेली.

१९८० च्या दशकात कमी इंधनात अधिक अंतर कापणाऱ्या मोटारसायकली भारतात तयार होऊ लागल्या. लुधियान्याच्या ज्या घराण्याने देशाला सायकल दिली, त्याच घराण्याने जपानी कंपनीशी करार करून १९८५ पासून मोटारसायकलही दिली. हप्त्यांवर गाडी मिळू लागली. दुचाकी गाडी बाळगणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण २००१ च्या जनगणनेत बारा टक्क्यांच्या आत होते, ते २०११ मध्ये २१ टक्क्यांवर गेले. सायकल बाळगणाऱ्यांचे प्रमाण याच दहा वर्षांत ४३.७ वरून ४४.८ टक्क्यांवर, म्हणजे जेमतेम एका टक्क्याने वाढले. सोनीपतच्या त्या जुन्या कंपनीने साहिबाबाद येथील आपल्या मोठ्या कारखान्याचे काम थांबवले, तो दिवस नेमका ३ जून २०२० हा होता.

या बदलामागे केवळ सोय होती असे म्हणता येणार नाही. सायकल चालवणारा माणूस हळूहळू ‘अजून सायकलच चालवणारा’ ठरू लागला. लग्नाच्या बैठकीत मुलाकडे गाडी आहे का, हा प्रश्न विचारला जाऊ लागला. कचेरीत सायकलने येणाऱ्या शिपायाबद्दल कुणाला काही वाटत नसे, पण एखादा अधिकारी सायकलने आला तर कुजबुज होई. ही प्रतिष्ठेची ओढ हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पायी चालून दिवस काढले, त्यांना इंजिनाची गाडी हवीशी वाटली तर त्यात त्यांचा दोष नाही. शिवाय मोटारसायकलवरून रात्री-अपरात्री आजारी मुलाला दवाखान्यात नेता येते, बायकोला माहेरी सोडता येते. सायकलचा गौरव करणाऱ्या लेखांत हे सहसा कबूल केले जात नाही.

तरीही हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. ऑस्ट्रियात जन्मलेले विचारवंत इव्हान इलिच यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पुस्तकात तो अमेरिकेच्या संदर्भात मांडला होता. मोटारीत बसून जाणारा वेळ आणि मोटारीचा खर्च भागवण्यासाठी राबण्यात जाणारा वेळ यांची त्यांनी बेरीज केली. ती वर्षाला १६०० तास भरली. तेवढ्या तासांत माणूस साडेसात हजार मैल जातो, म्हणजे त्याचा खरा वेग ताशी पाच मैलांहूनही कमी पडतो, असे त्यांनी दाखवले. पायी चालणाऱ्यापेक्षा हा वेग फारसा अधिक नाही.

हेच गणित एखाद्या पहारेकऱ्यासाठी करून पाहावे. समजा, त्याला महिना पंधरा हजार रुपये मिळतात आणि तो सव्वीस दिवस बारा-बारा तास काम करतो. म्हणजे तासाला अठ्ठेचाळीस रुपये झाले. घरापासून काम आठ किलोमीटरवर आहे. मोटारसायकलचा हप्ता दोन हजार सहाशे, पेट्रोल नऊशे आणि विमा-दुरुस्तीचे पाचशे धरले, तर महिन्याला चार हजार रुपये जातात. ते मिळवण्यासाठी त्याला त्र्याऐंशी तास, अर्थात कामाच्या प्रत्येक दिवशी तीन तासांहून अधिक वेळ उभे राहावे लागते. गाडीमुळे वाचतो तो जाता-येता मिळून अर्धा-पाऊण तास. हप्ते फिटल्यावर हा भार कमी होतो, पण तेव्हाही रोजचा एक तास गाडीसाठीच जातो. सायकलला महिन्याकाठी एखादे पंक्चर, कधी व्हॉल्व्हट्यूब, वर्षातून एकदा ओव्हरहॉलिंग आणि चाकाचा आउट काढणे, एवढाच खर्च येतो. आकडे माणसागणिक बदलतील, पण गणिताची दिशा बदलणार नाही.

या गणिताला एक मर्यादा मात्र आहे, आणि ती महत्त्वाची आहे. आठ किलोमीटरच्या जागी बावीस किलोमीटर अंतर आले, की ते कोसळते. शहरात भाडे परवडत नाही म्हणून मजूर बाहेर, आणखी बाहेर राहायला जातात. काम मात्र मध्यभागीच राहते. पुनर्वसनाच्या नावाखाली झोपडपट्टी शहराच्या टोकाला हलवली जाते, तेव्हा घराबरोबर कामावर जाण्याचे साधनही हिरावले जाते, याची नोंद कुठल्याही कागदावर होत नाही. सायकलचा प्रश्न हा बऱ्याच अंशी घराचा प्रश्न आहे.

सायकलने माणसाचे आयुष्य किती बदलू शकते, हे पाहण्यासाठी मोठ्या शहराबाहेर जावे लागते. तामिळनाडूतील पुदुकोट्टई या मागास गणल्या जाणाऱ्या जिल्ह्यात १९९१ मध्ये साक्षरतेची मोहीम सुरू झाली. शीला राणी चुंकत या त्या वेळी तिथे जिल्हाधिकारी होत्या. मोहिमेतील कार्यकर्त्या स्त्रियांना गावोगाव फिरणे आवश्यक होते आणि बसगाड्या वेळेवर मिळत नसत. तेव्हा स्त्रियांना सायकल शिकवण्याचा विचार पुढे आला, आणि तो साक्षरतेच्या कार्यक्रमाचाच एक भाग बनवण्यात आला. अक्षरे गिरवणाऱ्या बाया संध्याकाळी सायकल शिकू लागल्या. खाणीत दगड फोडणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या हजारो स्त्रिया काही महिन्यांत सायकलवर दिसू लागल्या. पुरुषांनी प्रथम शेरेबाजी केली, कुणी घाणेरडे बोलले, पण त्या थांबल्या नाहीत. बँकांकडून त्यांना सायकलसाठी कर्जे मिळवून देण्यात आली. मागणी इतकी वाढली, की लेडीज सायकली दुकानांत मिळेनाशा झाल्या. तेव्हा स्त्रियांनी दांडीची जेंट्स सायकल घेतली. काहींना तर तीच अधिक पसंत पडली, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येते.

पत्रकार पी. साईनाथ यांनी या चळवळीवर लिहिले आहे. त्यांच्या लेखनातून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या बाईला पाणी आणण्यासाठी, माल बाजारात नेण्यासाठी किंवा मुलाला दवाखान्यात दाखवण्यासाठी नवऱ्याच्या, भावाच्या किंवा बसच्या भरवशावर राहावे लागे, ती आता आपल्या वेळेची मालकीण झाली. बसची वाट पाहण्यात जाणारे तास वाचले, आणि त्या तासांत चार पैसे अधिक मिळू लागले. वाचता येणे आणि एकटीने जाता येणे यांत नाते असते, हे त्या जिल्ह्यातील स्त्रियांना कुणी समजावून सांगावे लागले नाही.

बिहार सरकारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण या योजनेमुळे सुमारे तीस टक्क्यांनी वाढले, असे त्यांना आढळले. शाळा ज्या गावांपासून दूर होती, तिथे हा परिणाम विशेष दिसला. पश्चिम बंगालमध्येही २०१५ पासून अशीच योजना आहे. मात्र या मुली शिकून नोकरीला लागतात, तेव्हा कामावर सायकलने जाताना फारशा दिसत नाहीत. सायकलने कामावर जाणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण अत्यंत अल्प आहे. शाळेची वाट गावातून जाते, ओळखीच्या माणसांतून जाते. कामाची वाट बहुधा महामार्गावरून जाते, आणि तिथे अंधार असतो.

रस्ते कुणासाठी बांधले जातात, हा प्रश्न येथे येतो. केंद्र शासनाने २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण स्वीकारले. रस्त्यांचा विचार वाहनांसाठी नव्हे तर माणसांसाठी व्हावा, असे तत्त्व त्यात मांडलेले आहे, आणि पायी चालणारे व सायकलस्वार यांना प्राधान्य देण्याची शिफारस आहे. धोरण उत्तम आहे. प्रत्यक्षात काय घडले, हे पाहण्यासाठी कोलकात्याकडे पाहावे. त्या शहरात पोलिसांनी २००८ पासून टप्प्याटप्प्याने सायकलींना मोठ्या रस्त्यांवर बंदी घातली, आणि २०१३ पर्यंत अशा रस्त्यांची संख्या शंभराच्या पुढे गेली. सायकलींमुळे वाहतूक मंदावते, असे कारण देण्यात आले. दूधवाले, वर्तमानपत्रवाले, सुतार, नळदुरुस्ती करणारे यांनी निदर्शने केली. कामावर जाण्याचा सरळ रस्ता बंद झाल्यामुळे त्यांना गल्लीबोळांतून वळसे घालावे लागले, नाहीतर दंड भरावा लागला. पुढे काही रस्ते मोकळे करण्यात आले. मग २०२० मध्ये करोनाच्या साथीत बस आणि लोकल गाड्या बंद पडल्या, तेव्हा हीच बंदी सैल करण्यात आली आणि लोकांनी सायकलने कामावर जावे, असे सर्वांना वाटू लागले. त्याच वर्षी उन्हाळ्यात अनेक स्थलांतरित मजूर सायकलवर बसून शेकडो किलोमीटर दूर आपल्या गावी गेले. संकटकाळी सायकल सर्वांना आठवते. एरवी ती रहदारीतला अडथळा ठरते.

दिल्लीत २००८ मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद या मार्गावर बसगाड्यांसाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाल्या. त्यांच्या बाजूला सायकलींसाठी वेगळा पट्टाही होता. आठ वर्षांत ती सारी रचना काढून टाकण्यात आली. मोटारींना जागा कमी पडते, ही तक्रार मुख्य होती. त्या रस्त्याने सायकलवरून कामाला जाणाऱ्यांचे मत कुणी विचारले असेल, तर ते ऐकले गेले नाही. पुण्याने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, आणि त्याच सुमारास भाड्याच्या रंगीत सायकलीही शहरात आल्या. दोनेक वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. त्या भाड्याने घेण्यासाठी स्मार्टफोन लागत असे, एवढे सांगितले तरी त्या कुणासाठी होत्या हे कळते.

सायकलसाठी मार्ग बांधलेच जात नाहीत असे नाही. अनेक शहरांत ते बांधलेले आहेत, आणि त्यांवर खर्चही झालेला आहे. परंतु ते बांधणाऱ्याने त्यावरून एकदाही सायकल चालवलेली नसावी, असे वाटण्याजोगी त्यांची अवस्था असते. पदपथाच्या उंचीवर फरशा बसवलेला पट्टा, मध्येच विजेची पेटी, पुढे बसथांबा, त्यापुढे उभ्या केलेल्या गाड्या, आणि चौक आला की मार्ग गायब. चौकातच तर सर्वाधिक धोका असतो. अशा मार्गावरून न जाता सायकलस्वार रस्त्यावरून गेला, की ‘यांना मार्ग करून दिला तरी हे वापरत नाहीत’ असे म्हणायला लोक मोकळे होतात.

नेदरलँड्सचे उदाहरण नेहमी दिले जाते आणि ते सहसा चुकीच्या रीतीने दिले जाते. तिथले लोक स्वभावतःच सायकलप्रेमी आहेत, असा समज आहे. वस्तुस्थिती अशी, की दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या आणि सायकली घटत गेल्या. १९७१ मध्ये त्या लहानशा देशात रस्त्यावरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मरण पावली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. ‘बालहत्या थांबवा’ असे त्यांनी आपल्या चळवळीचे नावच ठेवले. १९७३ च्या तेलटंचाईने सरकारलाही विचार करायला लावले. तिथले सायकलमार्ग या भांडणातून मिळाले आहेत.

भारतात २०२२ मध्ये रस्त्यावरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक लोक मृत्यू पावले. त्यांत सायकलस्वार साडेचार हजारांहून अधिक होते. सायकलस्वार दुसऱ्या कुणाला ठार करतो असे क्वचितच घडते. तो मरतो तो मुख्यतः दुसऱ्याच्या वेगामुळे. ताशी तीस किलोमीटर वेगाने येणाऱ्या गाडीची धडक बसली तर माणूस वाचण्याची पुष्कळ शक्यता असते. वेग पन्नास-साठवर गेला, की ती झपाट्याने घटते. म्हणून सायकलस्वाराने शिरस्त्राण घालावे, मागे लाल रिफ्लेक्टर लावावा, हे सांगणे योग्य असले, तरी पुरेसे नाही. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार इंजिन नसलेली वाहने आणि पादचारी यांच्यासाठी नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारांना मिळाला आहे. हा अधिकार सायकलींना रस्त्यावरून हटवण्यासाठीही वापरता येईल आणि त्यांना जागा देण्यासाठीही.

सायकलने जाणे प्रत्येकाला जमणारे नाही, हेही मान्य केले पाहिजे. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता सायकल मारणे ही हौस असू शकत नाही. कोकणातला पाऊस, सातारा-महाबळेश्वरकडचे चढ, हिवाळ्यात दिल्लीची धुरकट हवा, यांपुढे उपदेश फिका पडतो. पण ज्यांना हे जमत नाही त्यांनी सायकल चालवावी, अशी मागणीच नाही. जे आज चालवत आहेत, त्यांना आहे ते जमावे, एवढीच अपेक्षा आहे. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. उड्डाणपुलाखालून सरळ ओलांडता येईल अशी वाट हवी. रस्त्याच्या कडेला दिवे हवेत. गटारांच्या जाळ्या अशा हव्यात, की चाक अडकणार नाही. या जाळ्यांच्या फटी बहुतेक ठिकाणी रस्त्याला समांतर ठेवलेल्या असतात आणि सायकलचे पातळ चाक त्यांत अचूक जाते. जाळी आडवी फिरवून बसवायला किती खर्च येतो?

सायकलवरील वस्तू व सेवा कर बारा टक्के होता, तो सप्टेंबर २०२५ मध्ये पाच टक्के करण्यात आला. हे चांगले झाले. त्याच दिवशी लहान इंजिनांच्या मोटारसायकलींवरील करही अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला, आणि वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत छापली गेली ती बहुतेक तीच बातमी. सायकल स्वस्त झाल्याचे, ती घेणाऱ्यांना दुकानात गेल्यावर कळले असेल.

मोठ्या गृहसंकुलांच्या आणि कचेऱ्यांच्या फाटकांवर आता रंगीत चौकटी आखलेले वाहनतळ असतात. मोटारींसाठी क्रमांक घातलेल्या जागा, दुचाक्यांसाठी वेगळी रांग, विजेवरच्या गाड्यांसाठी चार्जिंगची सोय. आत येणाऱ्या प्रत्येक गाडीचा क्रमांक फाटकावरचा पहारेकरी वहीत लिहून घेतो, वेळ घालतो, दांडा वर करतो. त्याची स्वतःची सायकल फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेच्या झाडाला साखळीने बांधलेली असते. आत सायकलसाठी चौकट आखलेली नाही.